परीक्षेला बसवलेली कविता



कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या कवितेवर दोन शिक्के मारायची पद्धत आहे. पहिला शिक्का : अनुभव दाहक आहे, पण कविता कच्ची. दुसरा शिक्का : कविता सफाईदार आहे, पण आतून आलेली वाटत नाही. स्नेहसंमेलनाच्या स्पर्धेत परीक्षक होऊन बसलेला गृहस्थ पहिला शिक्का एकाला मारतो, दुसरा दुसऱ्याला. शिक्के दोन, शाई एकाच दौतीतली. जळजळीत लिहिलं तर तुला कसब नाही. कसबानं लिहिलं तर ते तुझं नाही.

आणि मग रात्री हॉस्टेलवर आपलीच पोरं आपसात भांडतात. कविता म्हंजे मनातलं ओकून टाकणं, का कसब दाखवणं? एक म्हणतो, छंद-यमक जाळून टाका, ती भटांची पेटी आहे. दुसरा म्हणतो, आधी शिका, मग जाळा. भांडण खरं आहे. पण ते हॉस्टेलच्या खोलीत सुटायचं नाही, कारण ते तिथं सुरूच झालेलं नाही. विद्यार्थ्याची कविता परीक्षेला कुणी बसवली, कशासाठी बसवली, आणि बसलेल्यानं त्या उत्तरपत्रिकेत काय लिहून ठेवलं, हे पाहिल्याबिगर उत्तर हाती लागत नाही.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. सूतगिरणीत पाळीवर जातो आणि वाचनालयात मिळेल ते वाचतो. त्या वाचनातून जे गवसलं ते इथं मांडतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या अंकात झोडा.

आधी आपल्याकडं बघू. मराठीत कसबाची कविता म्हटलं की पंडित कवी. त्यातले मोरोपंत सगळ्यांचे मुकुटमणी. त्यांनी एकशेआठ रामायणं रचली असं सांगतात. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. म्हंजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर येऊ द्यायचं नाही. प, फ, ब, भ, म हद्दपार! आता गंमत बघा. या नियमानं 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही, आणि काव्य मात्र रामाचं. मी हे वाचलं तेव्हा आधी हसलो. मग मनात आलं, आपले शब्द यात बसवून बघू. माय, बाप, भूक, भाकर, घाम, भीम. एकही बसत नाही. कसब खरंच मोठं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कसब कुणाला दाखवायचं होतं? ज्यांच्या दारात संस्कृत होतं, ज्यांना रिकामी दुपार होती, त्यांना. बाकीच्यांनी लांबून ऐकायचं, तेही सावली पडणार नाही इतक्या लांबून.

पुढं इंग्रजांच्या शाळा आल्या. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोल्यांचं 'नवनीत' निघालं. जुन्या मराठी कवितेचे वेचे त्यात होते आणि ते शाळांत शिकवलं जाई. कविता म्हंजे ही, असं पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात बसलं ते अशा पुस्तकांतून. आणि त्याच १८५४ साली सावित्रीबाई फुल्यांचं 'काव्यफुले' निघालं. ही बाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती, ती नवऱ्यापाशी शिकली, शिक्षिका झाली, आणि शिकता शिकवता कवी झाली. छंद तिनं जुनेच घेतले, यमकंही घेतली. पण त्यात शूद्र-अतिशूद्रांना शिका म्हणून सांगितलं. एकाच सालात दोन पुस्तकं. एक शाळेत गेलं. दुसरं शाळेतून आलं, पण शाळेत गेलं नाही.

आता एक विचाराल : शिकाऊ माणसाची कविता ही अभिव्यक्ती का कसब, हा खटला कुठं उघडपणे, कागदोपत्री चाललाय का? चाललाय. त्यासाठी मात्र सातासमुद्रापार जावं लागेल. वाट आपल्याला अनोळखी नाही. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली ज्यांनी काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १७७३ साली, एका काळ्या गुलाम मुलीचं कवितेचं पुस्तक छापून आलं होतं. तिचं नाव फिलिस व्हीटली.

नाव कसं पडलं ते आधी ऐका. १७६१ च्या जुलैत बॉस्टनच्या धक्क्याला एक जहाज लागलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पळवून आणलेली माणसं त्यात भरली होती. त्यांत एक पोर. पुढचे दात पडलेले, त्यावरून वय अंदाजलं, सात-आठ. जॉन व्हीटली नावाच्या बड्या आसामीनं ती बायकोच्या चाकरीसाठी विकत घेतली. जहाजाचं नाव होतं 'फिलिस'. पोरीला नाव दिलं जहाजाचं आणि आडनाव दिलं मालकाचं. आईबापांनी काय नाव ठेवलं होतं ते आज जगात कुणाला ठाऊक नाही. ज्या जहाजानं आईपासून तोडलं, त्याच्याच नावानं जन्मभर हाक! कचरू, धोंड्या, दगडू अशा नावांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजवावा लागत नाही.

मालकाच्या मुलीनं, मेरीनं, तिला शिकवलं. मालकानं लिहून ठेवलंय की सोळा महिन्यांत ती इंग्रजी बायबल वाचू लागली. पुढं लॅटिनही शिकली. १७६७ च्या डिसेंबरात न्यूपोर्टच्या वर्तमानपत्रात तिची कविता आली, तेव्हा ती चौदाच्या आसपास. त्याच वर्षी तिनं दुसरी एक कविता लिहिली ती हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना उद्देशून. हार्वर्ड नदीपलीकडं, पण हिला तिथं मज्जाव : बाई म्हणून, काळी म्हणून, गुलाम म्हणून. आणि ही पोर त्या गोऱ्या मुलांना सांगते की बाबांनो, तुम्हाला विद्या मिळालीय, पापापासून दूर राहा, आणि हे तुम्हाला सांगणारी एक आफ्रिकन आहे. दाराबाहेर उभं राहून आतल्या विद्यार्थ्यांना उपदेश! विद्यार्थ्यांची कविता म्हणून जगात जे काही लिहिलं गेलं, त्यात शाळेबाहेरच्या विद्यार्थिनीची ही कविता मला फार वरची वाटते.

तिच्या कवितेची घडण त्या काळच्या फॅशनची. अलेक्झांडर पोप हा तेव्हाचा मोठा इंग्रज कवी. त्याच्यासारख्या दोन-दोन ओळींच्या जोड्या, दर जोडीला यमक, ओळी मोजून मापून. ग्रीक-रोमन देवता. बड्या घरात कुणी वारलं की त्यावर शोककाव्य. आजच्या भाषेत ऑर्डरचा माल. १७७० साली व्हाइटफील्ड नावाच्या प्रसिद्ध धर्मोपदेशकावर तिनं केलेलं शोककाव्य गाजलं आणि तिचं नाव समुद्रापार गेलं.

मग १७७२ मध्ये तिचं पुस्तक काढायचं ठरलं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, वर्गणीदार मागितले. पुरेसे मिळाले नाहीत. आणि कुजबूज सुरू झाली. काळी गुलाम पोरगी आणि पोपच्या वळणाची कविता? छे! लिहून देणारा दुसराच कुणी असणार.

तेव्हा मग शहरातल्या अठरा मातबर गोऱ्या पुरुषांच्या सह्यांचं एक पत्रक तयार झालं. वसाहतीचा गव्हर्नर हचिन्सन त्यात, त्याचा दुय्यम त्यात, जॉन हॅनकॉक त्यात, पाद्री त्यात. अनेकजण हार्वर्डचे शिकलेले, कित्येकांच्या घरी गुलाम. पत्रकाचा मतलब असा की या कविता या मुलीनंच लिहिल्या आहेत याची आम्हाला खात्री आहे, आणि चांगल्या जाणकारांनी तिची परीक्षा घेतलेली आहे. हे पत्रक १७७३ च्या पुस्तकात छापलं. पुस्तक निघालं तेही लंडनमध्ये, एका श्रीमंत सरदारणीच्या आधारानं.

थांबा इथं जरा. कवितेच्या पुस्तकाला जातीचा दाखला लावावा तसं हे पत्रक. पण या पत्रकातून एक गोष्ट धडधडीत दिसते. त्या पोरीच्या कवितेत तिनं काय सांगितलंय, हे त्या अठराजणांना तपासायचं नव्हतंच. त्यांना फक्त हे बघायचं होतं की हिला जमतं का. काळ्या माणसाला डोकं असतं का, हा प्रश्न आणि तिची कविता म्हंजे त्याचा पुरावा. तिच्यासाठी कसब ही हौस नव्हती. माणूस ठरण्याची ती अट होती. जो आधीच माणूस म्हणून धरलेला आहे, त्याला अभिव्यक्ती परवडते. ज्याचं माणूसपणच तपासायला घेतलंय, त्याला आधी यमक जुळवून दाखवावं लागतं.

आता खरी गोष्ट सांगतो. १७७२ मध्येच वूलड्रिज नावाचा एक इंग्रज बॉस्टनला आला. त्यानंही ऐकलं होतं, गेला मालकिणीच्या घरी. ही पोरगी खरी का तोतया, ते त्याला बघायचं होतं. त्यानं विचारलं, कुठल्याही विषयावर लिहिता येतं का? ती म्हणाली, येतं. तेव्हा लॉर्ड डार्टमथ हा इंग्लंडात वसाहतींचा मंत्री नेमला गेल्याची बातमी ताजी होती. त्यानं तोच विषय दिला. म्हंजे शुद्ध परीक्षा. विषय परक्याचा, वेळ परक्याची, कवितेत ज्याची स्तुती करायची तो परका. कसब दाखव, एवढंच मागणं. हे सगळं त्या गृहस्थानं स्वतः मंत्र्याला धाडलेल्या पत्रात आहे.

तिनं कविता लिहिली. मंत्र्याचं स्वागत केलं, स्वातंत्र्यदेवीचं रूपक केलं, सगळं रीतसर. आणि मध्येच ती वळते. म्हणते की महाराज, माझ्यात ही स्वातंत्र्याची ओढ कुठून आली असं तुम्हाला वाटेल. तर मला लहानपणी आफ्रिकेतून ओढून आणलंय. माझ्या बापाच्या काळजाचं काय झालं असेल? लेकरू बापापासून हिसकावणाऱ्याचं मन दगडाचंच असणार. मग माझ्यासारखीनं दुसऱ्यासाठी एवढंच मागावं की जुलूम कुणावर होऊ नये.

तिच्या पुस्तकात स्वतःच्या ताटातुटीबद्दल इतकं उघड ती दुसरीकडं क्वचितच बोललीय. आणि ते बोलली कुठं? घरी एकांतात लिहिलेल्या कवितेत नाही. परीक्षकानं दिलेल्या विषयात. मंत्र्याच्या स्तुतीच्या कवितेत, यमकाच्या जोडीत बसवून. यमक चुकलं असतं तर तो गोरा म्हणाला असता, येत नाही हिला, आणि कागद चुरगाळला असता. यमक बरोबर होतं म्हणून कागद लंडनला मंत्र्याच्या टेबलावर गेला. कसब हे गाडी होतं, आणि त्या गाडीत ती लपून बसून गेली.

म्हणून मी म्हणतो, अभिव्यक्ती का कसब हा प्रश्न विचारण्याच्या आधीच कुणीतरी चुकीचा मांडून ठेवलाय. तिच्या बाबतीत दोन्ही एकाच ओळीत आहेत. वेगळे काढायला गेलात तर ओळच फाटते.

पण तिला देव्हाऱ्यात बसवू नका. तिची एक आठ ओळींची कविता आहे, आफ्रिकेतून अमेरिकेत आणलं जाण्याविषयी. तिच्यात ती त्या आणण्याला दयेचं काम म्हणते, अंधारातून देवाकडं आणलं म्हणते. वाचताना माझं डोकं तडकलं. शेवटाकडं ती गोऱ्या ख्रिश्चनांना बजावते की काळेही तुमच्या रांगेत येऊ शकतात. हे बजावणं खरं, पण वरची कृतज्ञताही तिचीच आहे. त्यातलं किती मनातलं आणि किती मालकिणीच्या बैठकीतलं, हे आता कोण ठरवणार? शिकाऊ माणसाच्या लिहिण्यात उपकाराचं एक वाक्य असतंच. ते फीसारखं असतं. भरल्याशिवाय वर्गात बसता येत नाही.

पुस्तक निघाल्यावर, १७७३ च्या शरदात, तिला गुलामीतून सोडलं. आणि सुटल्यावर काही महिन्यांत, १७७४ च्या आरंभी, तिनं सॅमसन ऑकम नावाच्या आदिवासी धर्मोपदेशकाला पत्र लिहिलं, ते तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आलं. त्यात स्वातंत्र्याची ओढ देवानं प्रत्येक माणसात ठेवलीय असं ती सांगते, आणि स्वातंत्र्याच्या घोषणा देत गुलाम बाळगणाऱ्यांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवते. परीक्षा संपल्यावरचा हा आवाज बघा. फी भरायची गरज उरलेली नाही.

पण परीक्षक कुठं संपतात! थॉमस जेफरसन, ज्यानं सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिलं आणि शेकड्यांनी गुलाम बाळगले, त्यानं १७८७ साली लंडनला निघालेल्या आपल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात तिचं नाव घेतलं. तिच्या कवितांवर टीका करणंही त्याला कमीपणाचं वाटलं. त्याचं म्हणणं, धर्म अशी बाई घडवू शकतो, कवी नाही घडवू शकत. म्हंजे अठराजणांनी कसब पास केलं, तर हा म्हणतो की आतली प्रतिभा नाही. पहिला शिक्का आणि दुसरा शिक्का, ओळखलेत का?

तोवर ती गेली होती. १७७८ साली तिनं एका मुक्त काळ्या माणसाशी लग्न केलं. १७७९ साली दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली. ३३ कविता आणि १३ पत्रं. वर्गणीदार जमले नाहीत. १७८४ च्या डिसेंबरात गरिबीत ती मेली, वय एकतीसच्या आसपास. ते दुसरं हस्तलिखित हरवलं ते हरवलंच.

विसाव्या शतकात तिला पुन्हा उभं केलं, आणि या वेळी परीक्षक तिचेच होते. १९६२ साली लिरॉय जोन्सनं, जो पुढं अमिरी बराका झाला, तिला गोऱ्यांची नक्कल करणारी म्हणून मोडीत काढलं. काळ्या जनतेचा खरा आवाज शेतांत आणि रात्रींत घुमत होता, आणि ही बैठकीत पोपची उजळणी करत होती, असा त्याचा रोख. रागात खरेपणा आहे. आपणही मोरोपंती वळणानं लिहिणाऱ्या आपल्या माणसाला असंच बोललो असतो. पण १९७४ साली ॲलिस वॉकर या लेखिकेनं दुसरी बाजू मांडली. ज्या बाईच्या स्वतःच्या देहावरही तिची मालकी नव्हती, तिनं काय गायलं यापेक्षा गाणं जिवंत ठेवलं हे मोठं, असा तिचा भाव. त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, पुस्तकाला दोनशे वर्षं झाली म्हणून कवयित्री मार्गारेट वॉकरनं मिसिसिपीत जॅक्सनच्या कॉलेजात फिलिस व्हीटलीच्या नावानं काळ्या कवयित्रींचा मेळावा भरवला. जिला हार्वर्डच्या दारातून आत जाता आलं नाही, तिच्या नावानं कॉलेज भरलं.

आता परत पुण्याला येऊ. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं 'ज्ञानोदय' सुरू केला. या मिशनची वरची कचेरी होती बॉस्टनमध्ये. त्याच बॉस्टनमध्ये! त्या ज्ञानोदयात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत एक निबंध आला. लिहिणारी मुक्ताबाई, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. शाळेत जाऊन तीन वर्षं झालेली. कविता नव्हे, निबंध आहे, हे मान्य. पण शाळेच्या पोरीचं लिखाण आहे, म्हणून ते या खटल्यात साक्षीला बोलावतो.

त्या काळी नव्या शाळांच्या परीक्षा चारचौघांसमोर होत. साहेब बसत, शेटजी बसत, बघायला गर्दी जमे. मांगाच्या पोरीला वाचता येतं का, हे बघायला. म्हंजे तोच प्रश्न : हिला जमतं का? आणि मुक्ताबाई काय करते? ती जमवून दाखवते, पण दाखवता दाखवता फिर्याद मांडते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं देवालाच विचारते. हा नुसता आक्रोश नाही, हा तर्क आहे, पायरी पायरीनं चढवलेला. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या मांग-महाराच्या मुंडक्याचं काय होई ते सांगते. वाड्यांच्या पायात जिवंत माणूस कसा गाडत ते सांगते. डोक्यावर छप्पर नसलेली बाई थंडीवाऱ्यात बाळंत होते ते सांगते. आणि शेवटाकडं आपल्या लोकांना म्हणते, शिका. इंग्रज सरकारचे आभारही त्यात आहेत. फी भरलीय म्हणा.

हे तिचं मनातलं का शाळेतलं? अरे बाबांनो, शाळेत आली म्हणून मनातलं मांडता आलं, आणि मनात होतं म्हणून शाळेचा निबंध निबंधापलीकडं गेला. पुढं तिचं काय झालं, आणखी काय लिहिलं, त्याचा एक कागद आपल्याकडं नाही. बॉस्टनचं दुसरं पुस्तक हरवलं, पुण्याची दुसरी वही हरवली. परीक्षेचा हाच कायदा आहे. मार्क दिले की उत्तरपत्रिका रद्दीत.

यातून आपल्या माणसांनी काय धडा घेतला? सगळ्यात मोठा धडा हा की परीक्षक बदला. आपल्याकडं कसबाची परीक्षा नव्हती असं कुणी म्हणू नये. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब म्हंजे काय? समोरच्यानं टाकलेलं कोडं त्याच चालीत, उभ्याउभ्या सोडवायचं. सत्यशोधकांनी आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. परीक्षा होतीच, पण परीक्षक होती मैदानात मांडी घालून बसलेली वस्ती. चाल पडली तर लोक उठून जात. खोटं बोललं तरी उठून जात. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्यांचं यमक अजून वस्त्यांत तोंडपाठ आहे. तिथं कसब आणि कळवळा वेगळे मोजायला कुणी बसलं नव्हतं.

बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं, तेव्हा पहिल्यांदा आपल्या पोरांचा जथाच्या जथा कॉलेजात बसला. एकटी मुक्ता नव्हे. एकट्याला परीक्षा भिववते, जथ्याला नाही. १९६७ साली मिलिंदच्याच परिसरात 'अस्मिता' निघालं, ते पुढं गंगाधर पानतावण्यांच्या संपादकत्वाखाली 'अस्मितादर्श' झालं. त्यामागं म. ना. वानखेडे होते, अमेरिकेत शिकून आलेले आणि काळ्यांचं साहित्य वाचून आलेले. विद्यार्थ्याची कविता कॉलेजच्या वार्षिक अंकात एक कोपरा मागत होती, तिला आता स्वतःची पानं मिळाली. संपादक आपला, वाचक आपला, शिव्या देणाराही आपला.

आणि १९७२. दलित पँथर उभी राहिली ते साल. त्याच साली नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. आता तुम्ही म्हणाल, हेही बॉस्टनचंच पत्रक, मोठ्या माणसाचा दाखला. नाही! फरक बघा. तेंडुलकर त्या प्रस्तावनेत कबूल करतात की यातले कित्येक शब्द मला कळले नाहीत, नामदेवला विचारावे लागले. परीक्षक उत्तरपत्रिका घेऊन परीक्षार्थ्याकडं आला, आणि म्हणाला, हे मला शिकव. अठरा सह्यांपासून इथपर्यंत यायला दोनशे वर्षं लागली.

'गोलपिठा'मध्ये कसब नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते मोठ्यानं वाचून बघावं. छंद मोडायलाही छंद कानात असावा लागतो. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढं शिक्षक झाले. त्यांनी १९६६ च्या संग्रहाला नाव दिलं 'माझे विद्यापीठ'. विद्यापीठ आहे, म्हंजे शिकणं आहे. रस्त्यावर शिकलेलंही शिकलेलंच असतं.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. मागावर सूत तुटलं की गाठ मारावी लागते. नवा माणूस गाठ मारतो ती मोठी होते, फणीत अडकते, पुन्हा तुटते. जुना विणकर मारतो ती बारीक, फणीतून सरकन निघून जाते, कापडात शोधून सापडत नाही. ती गाठ तो कुणाला दाखवायला मारत नाही. कापड फाटू नये म्हणून मारतो. कवितेतलं कसब मला असं कळतं. जे मोरोपंतांच्या निरोष्ठासारखं फक्त गाठच दाखवतं, ते कसब वांझ. आणि 'मला गाठ मारायची गरज नाही, माझा धागा अस्सल आहे' असं जो म्हणतो, त्याचं कापड पहिल्या धुण्यात जातं. आपलं दुःख अस्सल आहे म्हणून त्याची वीण ढिली ठेवायची, ही चैन आपल्याला परवडत नाही. वरची मंडळी तर वाटच बघत असतात की यांच्याकडं अनुभव आहे, कला नाही, असं म्हणायला मिळावं.

तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, कॉलेजच्या स्पर्धेत जा, खुशाल जा. परक्यानं दिलेल्या विषयावर लिहा. पण त्या बॉस्टनच्या पोरीसारखं, त्यात न मागितलेलं एक काहीतरी टाकून या. नंबर आला नाही म्हणून कविता फाडू नका, आणि नंबर आला म्हणून ती चांगली समजू नका. ती कविता वस्तीतल्या बुद्धविहारात, पाण्याच्या रांगेतल्या बायांना, पाळी सुटल्यावर गेटवरच्या कामगाराला वाचून दाखवा. कुठं ते उठून जातात आणि कुठं थांबतात, ते बघा. जिथं उठून गेले तिथं गाठ मोठी झाली असेल, नाहीतर धागा खोटा असेल. दोन्ही दुरुस्त होतं.

आणि एक काम आजच करा. लिहिलेल्या प्रत्येक कवितेची एक प्रत काढून ठेवा, एकमेकांच्या कविता जपा, तारीख घाला, नाव घाला. स्टेन्सिल कापा, रोलर फिरवा, शंभर प्रती काढा. शाई हाताला लागेल, लागू द्या. फिलिसच्या ३३ कविता आणि मुक्ताची पुढची सगळी पानं आपण गमावून बसलोय. आता आणखी एकही वही रद्दीत जाता कामा नये.